सभासदत्वाचें ऋण

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामांतील संस्थांची यादी असावी, प्रत्येक संस्थेच्या नांवाखालीं तिच्या अध्यक्षांचें, चिटणिसांचें व खजिनदारांचें नांव यावें, हा आपल्याकडील शिरस्ता आहे. आणि तो योग्यच आहे. ज्यांनीं वर्षानुवर्षें सभांची इतिवृत्तें लिहिलीं, सणाच्या आदल्या रात्रीं मंडप उभारले, वर्गणीसाठीं दारोदार फिरून कधीं आदर तर कधीं बोलणीं पदरीं घेतलीं, त्यांचा नामोल्लेख होणें न्यायाचें आहे. तथापि यादी म्हणजे इतिहास नव्हे. यादीवरून सभासद कोण होते हें समजतें. सभासद असणें म्हणजे काय हें समजत नाहीं. मनुष्य वर्गणी भरतो, वहींत नांव घालतो, तेव्हां तो कांहीं विकत घेतो, कीं कांहीं अंगावर घेतो? या प्रश्नाचें उत्तर आम्ही इतिहासाकडे मागणार आहों. कारण हा प्रश्न आजचा नाहीं, आणि आपणांस वाटतो तितका लहानही नाहीं.

रोम शहराच्या आग्नेयेस लानुव्हियम नांवाचें एक प्राचीन गांव आहे. तेथें १८१६ सालीं एक शिलालेख सांपडला. त्यावर इ. स. १३६ सालचे एका मंडळाचे नियम कोरलेले आहेत. हें मंडळ गरिबांचें होतें व त्यांत गुलामही सभासद होते. देव त्यांचे मूर्तिपूजकांचे. परंतु त्यांची चिंता मात्र सर्व गरिबांची असते तीच होती: आपण मेल्यावर आपणांस मूठमाती कोण देईल? प्रवेशाची फी शंभर सेस्टर्स नाणीं व एक रांजण चांगला द्राक्षारस. दरमहाची वर्गणी पांच लहान नाणीं. सभासद वारला तर मंडळानें त्याच्या अंत्यविधीस तीनशें सेस्टर्स द्यावे; त्यांतील पन्नास अंत्ययात्रेस आलेल्यांना वांटावे. लागोपाठ सहा महिने वर्गणी न भरणाऱ्याचा हा हक्क नष्ट व्हावा. गांवापासून वीस मैलांपलीकडे कोणी वारल्याची वार्ता आली, तर तिघांना निवडून तेथें पाठवावें व त्यांनीं त्याची क्रिया करून प्रामाणिक हिशेब द्यावा. गुलाम वारला आणि धन्यानें दुष्टपणानें प्रेत दिलें नाहीं, तर त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधि करावा. आणखी एक नियम तर आमच्या कार्यकारी मंडळांनीं भिंतीवर लावण्याजोगा आहे: कोणास तक्रार करावयाची असेल तर ती कामकाजाच्या सभेंत करावी; मेजवानीच्या दिवशीं करूं नये, म्हणजे सणाला सर्वांस सुखानें व शांततेनें जेवतां येईल.

या नियमांत व्यवहार आहे. तो नाहीं असें कोण म्हणेल? जो भरील त्याला मिळेल, जो थकवील त्याला मिळणार नाहीं. पण धन्यानें अडवून ठेवलेल्या एका गुलामाच्या प्रेतासाठीं प्रतिमा करून रडणारीं माणसें निव्वळ व्यवहार करीत नव्हतीं. ज्याला जगांत घर नाहीं, कुळ नाहीं, स्वतःच्या देहावरही ज्याची मालकी नाहीं, त्याला या वहीनें नांव दिलें होतें. सभासदत्वाचा हा पहिला अर्थ होय. आपलें कोणी नसतां कोणीतरी आपलें होणें.

त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं, इ. स. १९७ च्या सुमारास, कार्थेज नगरांतील तेर्तुल्लियन या ख्रिस्ती पंडितानें आपल्या धर्मबांधवांचा कैवार घेऊन एक ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती लोकांचें मंडळ गुप्त व राजद्रोही आहे, असा आरोप होता. त्याला उत्तर देतांना तो सांगतो कीं, आमच्यांतही पेटी आहे. परंतु तिच्यांतील पैसा म्हणजे प्रवेशाची फी नव्हे. महिन्यांतून एकदां ज्याची इच्छा व ऐपत असेल तो थोडेंसें टाकतो. सक्ती कोणावर नाहीं. तो पैसा मेजवान्यांवर जात नाहीं. गरिबांना पोसणें व पुरणें, अनाथ मुलें, घरांत थकून पडलेले वृद्ध दास, गलबत फुटून निराधार झालेले, आणि धर्मासाठीं खाणींत वा तुरुंगांत पडलेले, यांच्यासाठीं तो खर्च होतो. वाचकांनीं हा फरक नीट पाहावा. लानुव्हियमच्या मंडळांत भरणारा व घेणारा एकच होता. कार्थेजच्या पेटींत भरणारा एक, आणि घेणारा बहुधा दुसराच. येथून सभासदत्वाला दुसरा अर्थ आला. संस्थेवर माझा हक्क किती यापेक्षां माझ्यावर दुसऱ्याचा हक्क किती, हें तेथें आधीं पाहिलें जाई.

मध्ययुगांत युरोपभर कारागिरांचे संघ व भाविकांचीं बंधुमंडळें उदयास आलीं, तेव्हां हे दोन्ही अर्थ त्यांत एकत्र नांदत होते. सुतार, विणकर, चांभार यांचा प्रत्येकाचा संघ. त्याचा आश्रयदाता संत, त्याची वेदी, त्याची पताका. उमेदवाराला धंदा शिकवावा, मालाचा कस राखावा, विधवेला आधार द्यावा, आणि मेलेल्या बंधूसाठीं मिस्सा अर्पावी, हें त्यांचें काम. फ्लॉरेन्समधील ‘मिझेरिकोर्दिया’ मंडळाचा उगम परंपरेनें १२४४ सालचा मानतात. घंटा वाजतांच त्याचे बंधु हातांतलें काम टाकून धांवत, आजाऱ्यास खांद्यावर घेऊन रुग्णालयांत नेत, बेवारस प्रेतांना मूठमाती देत. त्या वेळीं ते तोंड झांकणारा झगा घालीत. हेतु हा कीं, उपकार कोणी केला हें उपकृतास कळूं नये. सरदार कोण, शिंपी कोण, हें त्या झग्याखालीं ओळखूं येत नसे. हें मंडळ आजही रुग्णवाहिका घेऊन तेंच काम करीत आहे.

त्याच नांवाचें मंडळ लिस्बन शहरांत १४९८ सालीं राणी लिओनोर हिच्या आश्रयानें स्थापन झालें. वास्को द गामा कालिकतला पोंचला तें हेंच वर्ष. ख्रिस्ती दयेचीं चौदा कृत्यें, सात शरीराचीं व सात आत्म्याचीं, हाच त्या मंडळाचा जाहीरनामा. पोर्तुगीजांच्या मागोमाग तें पूर्वेस आलें. गोवें, कोचीन व आपली वसई येथें त्याच्या शाखा झाल्या. रुग्णालय चालविणें, कैद्यांना अन्न देणें, अनाथ मुलींच्या विवाहास साहाय्य करणें व मृतांची व्यवस्था लावणें, हीं कामें या शाखांनीं केलीं. आपल्या बोलण्यांत ‘कॉन्फ्रारी’ हा शब्द आला तो याच काळांत. त्याचा मूळ अर्थ ‘बंधुत्व’ एवढाच आहे.

परंतु इतिहासकारानें केवळ गोड तेवढेंच सांगूं नये. लिस्बनच्या मिझेरिकोर्दियांत सभासदांचे दोन वर्ग होते, एक उमरावांचा व दुसरा कारागिरांचा. झग्यानें जें झांकलें तें वहीनें उघडें केलें. गोव्यांत याहून वाईट झालें. तेथील कित्येक गांवांत कॉन्फ्रारीचें सभासदत्व गांवकरीशीं व जातीशीं जखडलें गेलें. देवळाच्या मिरवणुकींत अमुक रंगाचा ‘ओपा-मुर्स’ कोणीं घालावा, छत्री व क्रूस कोणीं धरावा, यावरून पिढ्यानपिढ्या वाद चालले. एका ख्रिस्तशरीराच्या सणाला एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारे लोक, मिरवणूक निघतांच जातीजातीनें वेगळे होत. बंधुत्वाचें नांव धारण करणारी संस्थाच बंधूला दाराबाहेर ठेवीत होती. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. कारण झांकून ठेवलेला व्रण भरून येत नाहीं. सभासदत्वाचा हा तिसरा अर्थ आहे, आणि तो घातक आहे. आपण आंत आहों याचा आनंद कोणीतरी बाहेर आहे यावर अवलंबून असणें.

संस्थांचीं दारें हळूहळू उघडलीं, हीही गोष्ट तितकीच खरी. १५६३ सालीं रोममधील येशूसंघीयांच्या विद्यालयांत जाँ लुनी या तरुण अध्यापकानें विद्यार्थ्यांची एक मंडळी पवित्र मरियेच्या नांवें सुरू केली. तिला पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८४ सालीं मान्यता दिली. तीच ‘सोडॅलिटी’. प्रारंभीं ती विद्यार्थ्यांची व पुरुषांची होती. स्त्रियांच्या सोडॅलिटींस रीतसर प्रवेश मिळाला तो पोप चौदावे बेनेडिक्ट यांच्या काळांत, १७५१ सालीं. म्हणजे जवळजवळ दोनशें वर्षें मरियेच्या मंडळींत मरियेच्या लेकींना स्थान नव्हतें! आज आपल्या धर्मग्रामांतील संस्थांचा भार बव्हंशीं कोणाच्या खांद्यावर आहे, हें पाहिलें म्हणजे त्या विलंबाचें नवल वाटतें.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी व युरोपीय धर्मसंघ निघून गेले. मोठमोठे मठ ओस पडले. प्रजा मात्र राहिली, आणि तिच्याबरोबर एतद्देशीय धर्मगुरु राहिले. राजाश्रय गेल्यावर श्रद्धा टिकली ती घराघरांतील जपमाळेनें, गांवच्या क्रूसापुढील प्रार्थनेनें आणि सणाचा खर्च वांटून घेणाऱ्या माणसांनीं. गांव करी तें राव न करी, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अशी सिद्ध करून दाखविली.

पुढें इंग्रजी अमलांत मुंबई वाढली व नोकरीच्या शोधांत सर्व बाजूंनीं माणसें तेथें लोटलीं. गोव्याहून आलेले लोक पोर्तुगालचे प्रजाजन. मुंबई, साष्टी व वसईचे मूळ ख्रिस्ती लोक इंग्रजांचे प्रजाजन. परंतु दोघांचीं नांवें एकसारखीं, आणि दोघांनाही लोक ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हणत. या घोटाळ्यांत आपल्या मुलांच्या नोकऱ्या जातात असें वाटून येथील पुढाऱ्यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, २६ मे १८८७ रोजीं, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीची आठवण देऊन त्यांनीं हें नांव घेतलें. एका संस्थेनें एका समाजाला नांव द्यावें, ही गोष्ट विरळा. शिक्षण व नोकरी यांसाठीं तिनें खटपट केली, हें तिचें श्रेय. पण नांव घेणें म्हणजे रेघ ओढणेंही असतें. एकाच देवळांत येणाऱ्या दोन ख्रिस्ती समाजांमधील अंतर या रेघेनें अधिक स्पष्ट केलें, हें आपण विसरूं नये.

रेघेच्या पलीकडे गोंयकारांनीं आपली सोय आपण केली. ‘कूड’ हें त्या सोयीचें नांव. मुंबईंत धोबीतलाव, माझगांव या भागांत एकेका गोमंतकीय गांवाच्या लोकांनीं मिळून खोल्या घेतल्या. आगबोटींवरील खलाशी, आचारी, वाजंत्री अशीं माणसें थोड्याशा मासिक वर्गणींत तेथें उतरत. प्रत्येकाची पेटी भिंतीला लागून, मधोमध गांवच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि रात्रीं सर्वांनीं मिळून म्हणावयाचा तेर्स. बोट लागेपर्यंत बेकार असलेल्याला तेथें डोक्यावर छप्पर मिळे. आजारी पडल्यास पाणी देणारें माणूस मिळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा कुडी शेंकड्यांनीं होत्या. धोबीतलावच्या जेर महालांत कांहीं अजूनही आहेत. लानुव्हियमचे गुलाम आणि धोबीतलावचे खलाशी यांच्यामध्यें अठराशें वर्षांचें अंतर आहे. परंतु परक्या ठिकाणीं आपलें कोणी नाहीं ही भीति एकच, आणि तिच्यावरचा उपायही एकच.

याच काळांत पॅरिस शहरांत निराळ्या रीतीची एक संस्था जन्मली होती. २३ एप्रिल १८३३ रोजीं फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यास वीस वर्षें पूर्ण झालीं. त्याच सायंकाळीं कांहीं मोजक्या मित्रांची पहिली बैठक भरली. तुमच्या धर्मानें पूर्वीं पुष्कळ केलें असेल, पण आज तुम्ही काय करतां, हा विरोधकांचा टोमणा त्यांच्या मनास लागला होता. भगिनी रोझाली रांद्यू यांनीं त्यांना गरीब वस्तीचा मार्ग दाखविला. हीच ‘संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’. तिची रीत साधी: गरिबाच्या घरीं दोघांनीं मिळून जावें, आणि सभेच्या शेवटीं एक पिशवी फिरावी, तिच्यांत ज्यानें त्यानें मूठ झांकून टाकावें, म्हणजे कोणीं किती टाकलें हें कोणास दिसणार नाहीं. कार्थेजची पेटी व फ्लॉरेन्सचा झगा या एका पिशवींत एकत्र आले. ओझानाम यांस पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९७ सालीं धन्यवादित म्हणून घोषित केलें.

दानाइतकीच जामिनकीचीही कथा सांगण्याजोगी आहे. दक्षिणेंत सावकारी कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा केला. सावकारांचीं खतपत्रें जाळलीं. त्याच्या आधींच जर्मनींत रायफायझेन नांवाच्या गृहस्थानें १८६४ सालीं शेतकऱ्यांची परस्परसाहाय्याची पतपेढी काढली होती. तिचें मर्म असें कीं, गांवांतील सर्वांनीं एकमेकांच्या कर्जास अमर्याद जबाबदार राहावें. हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्यानेंही ग्रामीण पेढ्यांना हेंच तत्त्व लावून दिलें. शेजाऱ्यानें कर्ज बुडविलें तर तें मीं फेडावयाचें! मग शेजाऱ्याचें पीक, शेजाऱ्याची प्रकृति, शेजाऱ्याचें व्यसन, हीं सर्व माझीं प्रकरणें होतात. वसईंत १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनीं कॅथलिकांची सहकारी पतपेढी स्थापन केली. तीच पुढें बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. पोप तेरावे लिओ यांनीं १५ मे १८९१ च्या पत्रकांत, माणसांनीं एकत्र येऊन संस्था काढणें हा निसर्गदत्त हक्क आहे व राज्यसत्तेनें तो हिरावूं नये, असें प्रतिपादन केलें होतें. त्या शिकवणीला आपल्या मातींत आलेलें हें एक फळ होय.

इतिहास येथवर सांगून झाला. आतां त्याचा हिशेब. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयींच्या पत्रकांत सांगितलें आहे कीं, संस्था या स्वतःसाठीं नसतात. ख्रिस्तसभेनें जगांत करावयाच्या कार्यासाठीं त्या असतात. हें वचन डोळ्यांपुढें ठेवून आपल्या वह्या आपण उघडूं या. सभासदांची संख्या मोठी, पण अंत्ययात्रेला खांदा देणारे तेच चार. वर्गणी वेळेवर, पण आजाऱ्याच्या उंबऱ्याशीं पाऊल नाहीं. सणाच्या समितींत यावें म्हणून रुसवे, पण सण उलटल्यावर हिशेबाच्या सभेस गणपूर्ति होत नाहीं. या गोष्टी कोणत्या एका संस्थेच्या आहेत असें नव्हे. म्हणूनच कोणीं मनास लावून घेऊं नये, आणि कोणीं कानाआडही करूं नये.

याहून गंभीर गोष्ट दाराची आहे. आपल्या भागांत शेतें गेलीं, इमारती आल्या. २००९ सालीं महानगरपालिकाही आली. आपल्या देवळांत आज मंगळूरची, केरळची, तमिळनाडूची, गोव्याची आणि उत्तरेकडील आदिवासी मुलुखाची माणसें गुडघे टेकतात. कित्येकांना आपली बोली येत नाहीं. त्यांचें नांव धर्मग्रामाच्या दप्तरांत आहे. परंतु आपल्या जुन्या मंडळांच्या वहींत किती आहे? ‘आमच्यांत आजवर असें झालें नाहीं’ हें वाक्य कानीं पडतें, तेव्हां आम्हांस गोव्यांतील त्या रंगीत झग्यांची आठवण होते. आपले आजे मुंबईंत परके होते तेव्हां त्यांना नांवाची उणीव भासली, म्हणून त्यांनीं असोसिएशन काढली; गोंयकार परके होते, म्हणून त्यांनीं कूड बांधली. आज परका दुसरा आहे, आणि दाराची कडी आपल्या हातीं आहे. ती काढणें न काढणें यावरच ही ज्युबिली उत्सव ठरेल, कीं नुसती रोषणाई ठरेल.

आमचें सांगणें थोडेंच आहे, आणि तें जुन्याच मंडळांकडून घेतलेलें आहे. लानुव्हियमपासून एवढें घ्यावें कीं, मेलेला सभासद वीस मैलांवर असला तरी तिघांनीं निघावें, आणि तक्रार सभेंत करून सणाला हंसतमुखानें बसावें. कार्थेजपासून हें घ्यावें कीं, पेटी आपल्यासाठीं नाहीं. फ्लॉरेन्सपासून झगा घ्यावा, त्याखालचा अहंकार नव्हे. पतपेढीपासून जामिनकी घ्यावी. शेजाऱ्याचें बुडणें तें आपलें बुडणें असें मानावें. आणि गोव्याच्या वादांपासून धडा घ्यावा कीं, ज्या बंधुत्वाला दार आहे पण कडी काढणारा नाहीं, तें बंधुत्व नव्हे.

बाप्तिस्म्याच्या दिवशीं आपण सर्वजण एका मोठ्या मंडळींत दाखल झालों आहों. तेथें प्रवेशाची फी आपल्यासाठीं दुसऱ्यानें भरली, आणि ती पैशांत भरली नाहीं. त्या मंडळींत कोणी आश्रयदाता सभासद नाहीं, कोणी आजीव नाहीं, कोणी पाहुणा नाहीं; आहेत ते सारे ऋणी. धर्मग्रामांतील लहानमोठ्या संस्था या त्या ऋणाचे हप्ते फेडण्याच्या जागा आहेत. ज्युबिलीचा मंडप उतरेल, पताका पेटींत जातील, ही पुस्तिकाही एखाद्या कपाटांत पडेल. त्यानंतरच्या पहिल्याच सभेस जो येईल, आणि येतांना ज्याचें नांव वहींत नाहीं अशा एका शेजाऱ्यास सोबत आणील, त्यानें ज्युबिली खरी साजरी केली असें आम्ही समजूं. परमेश्वर ती सुबुद्धि आपणां सर्वांस देवो.